पाच स्क्रीन, सव्वीस प्रिंट्स आणि नागपूरची हवा

नागपुरात सिल्कस्क्रीनवर (चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई दाबून छापायची पद्धत) प्रिंटची आवृत्ती, म्हणजे ठराविक प्रतींचा संच, काढायची तर आधी पंचांग बघावं लागतं. इथे हाताने स्क्रीन प्रिंटिंग करणारे जे थोडे लोक उरलेत, त्यांचं घर लग्नपत्रिकांवर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की ते थेट आषाढापर्यंत हाती लागत नाहीत. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, मुहूर्त थांबतात, टेबल रिकामं होतं; पण तेव्हा बाहेर पाऊस असतो, आणि पावसात सुती कागद काय करतो ते पुढे येईलच. उन्हाळ्यात हवा कोरडी, पण इतकी कोरडी की शाई जाळीतच वाळते. सगळं वजा जाता उरतात ते दसरा ते तुळशीचं लग्न एवढेच दिवस. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर फेब्रुवारी ते ऑक्टोबर असा फेरा पडला नसता. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. संध्याकाळी त्याच सॉफ्टवेअरवर वर्तुळं, चौकोन, तिरक्या पट्ट्या असं काहीबाही मांडत बसायची जुनी सवय. त्यात झाड नाही, माणूस नाही, गोष्ट नाही. ‘नागपुरात असलं कोण घेणार?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगते की अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये याच गावात जन्मले आणि सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. दोघंही पुढे मुंबईला निघून गेले, तेवढं सांगत नाही.

डिजिटल प्रिंट काढून खाली ‘१/५०’ लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यात पाप नाही, पण मशीनला पन्नासावर थांबायचं काही कारण नसतं, ते आपण थांबवायचं म्हणून थांबतं. शिवाय सपाट रंगाच्या भौमितिक चित्राला स्क्रीनची शाई जशी शोभते तशी इंकजेटची नाही. स्क्रीनमधून आलेला रंग कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो. बोट फिरवलं तर कड लागते. जर्मन-अमेरिकी चित्रकार जोसेफ आल्बर्सने १९७२ मध्ये आपल्या चौकोनांच्या आणि रंगांच्या अभ्यासाचे १२७ सिल्कस्क्रीन प्रिंट्सचे दोन पोर्टफोलिओ काढले, ते उगीच नाही. शेजारच्या रंगाने रंग कसा बदलतो हे दाखवायचं तर दोन्ही रंग अगदी सपाट हवेत, ठिपक्यांचे नकोत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महालातल्या एका गल्लीत एक प्रिंटर सापडले. दुकान म्हणजे दोन खोल्या, बाहेर पत्रिकांचे नमुने, आत टेबलं आणि वाळवायचे तारेचे रॅक. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई. चित्र बघून त्यांनी आधी ते उलटं धरलं, मग सुलटं. ‘ताई, लगनाचं छापलं, बारशाचं छापलं, इलेक्शनचं छापलं. पण नाव-गाव-पत्ता काहीच नाही असं पहिल्यांदाच पाहून राहिलो.’ मग दर सांगितला: एका रंगाचा एक दिवस, दिवसाचे अडीच हजार, शाई आणि कागद माझा. सीझनमध्ये पूर्ण दिवस मिळणार नाही, फार तर सकाळी सहा ते नऊ. मी हो म्हटलं.

चित्र अकरा इंच चौरस ठेवलं होतं. त्यामागे कलेचा विचार कमी आणि हिशेब जास्त होता: अकरा इंच म्हणजे ए-थ्री फिल्ममध्ये बसतं. प्रत्येक रंगाची वेगळी पॉझिटिव्ह फिल्म, म्हणजे पारदर्शक पान, लागते; त्या रंगाचा भाग त्यात ठार काळा, आणि त्यावरून चित्र स्क्रीनवर उतरतं. ए-थ्री फिल्म दोनशे रुपयांच्या आसपास पडली. मोठ्या मापाला दर एकदम चढतो. रंग पाच, म्हणून फिल्म पाच, स्क्रीन पाच. त्यातला निळा पारदर्शक ठेवला, म्हणजे पिवळ्यावर चढला की हिरवा मिळतो आणि विटकरीवर चढला की जांभळट काळपट. पाच स्क्रीनमध्ये सात रंग. खर्च वाचवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि चित्रही त्यानेच सुधारलं.

फिल्म बनवताना एक गोष्ट मुद्दाम करून घ्या. दोन रंग जिथे एकमेकांना टेकतात तिथे फिकट रंग गडद रंगाखाली अर्धा मिलिमीटर तरी आत सरकवा. संगणकावर दोन कडा नेमक्या जुळतात, टेबलावर नाही. झाड-पानाच्या चित्रात अर्ध्या मिलिमीटरची पांढरी फट कुणाला दिसत नाही. चौकोनाला चौकोन लागलेल्या चित्रात ती दारातूनच दिसते.

मे महिन्यात एकाच रंगाची चाचणी घेतली. भाऊंची नेहमीची जाळी सत्याहत्तर नंबरची, म्हणजे सेंटिमीटरला सत्याहत्तर धागे. पत्रिकेच्या अक्षरांना ती पुरते. माझ्या चित्रात मात्र अगदी किंचित, तीन-चार अंशांनी कललेल्या लांब रेषा होत्या. छापून झाल्यावर भाऊंनी आयग्लास (बारीक बघायचं भिंग) डोळ्याला लावून रेषेवर धरला आणि मला दिला. सरळ रेषा करवतीसारखी झाली होती! ठराविक अंतरावर एकेक दात, धाग्याच्या जाडीएवढा. कारण ऐकल्यावर पटतं. रेष जाळीच्या धाग्याला जवळजवळ समांतर असली की ती बराच वेळ एकाच धाग्याच्या बाजूने चालते आणि मग पुढच्या धाग्यावर उडी मारते. पंचेचाळीस अंशांच्या रेषेत या उड्या इतक्या बारीक नि जवळजवळ असतात की डोळ्याला कळत नाहीत. कमी कललेली रेषच सगळ्यात वाईट.

उपाय दोन केले. जाळी एकशेवीसची घेतली, आणि फिल्म स्क्रीनवर सरळ न लावता वीस-बावीस अंशांनी फिरवून लावली. कागदही तितकाच फिरवून ठेवायचा, म्हणजे चित्र सरळ येतं. त्यासाठी फ्रेम मोठी लागते. ताणलेल्या जाळीसकट एक फ्रेम मला नऊशेला पडली. जाळी मागताना नंबर सेंटिमीटरचा की इंचाचा हे विचारून घ्या. सेंटिमीटरला एकशेवीस म्हणजे इंचाला तीनशेच्या वर, आणि दुकानदार दोन्ही नंबर एकाच दमात सांगतात. शक्य असेल तर पिवळी जाळी घ्या. एक्सपोज करताना, म्हणजे स्क्रीनवर प्रकाश टाकून चित्र उतरवताना, पांढऱ्या धाग्यांतून प्रकाश आडवा पसरतो आणि कडा मऊ पडतात. पिवळ्यात ते बरंच कमी होतं.

एक्सपोजचं थोडक्यात सांगते. जाळीवर प्रकाशाला संवेदनशील असं इमल्शन चढवायचं, अंधारात वाळवायचं, वर फिल्म ठेवून यूव्ही प्रकाश द्यायचा. प्रकाश लागला तो भाग घट्ट होतो, काळ्याखाली झाकलेला भाग पाण्याने धुऊन निघतो. भाऊंकडे ट्यूबची पेटी आहे. पूर्वी ते स्क्रीन गच्चीवर उन्हात धरत आणि मनातल्या मनात आकडे मोजत. बहुतेक दुकानांत अजून बायक्रोमेट मिसळून इमल्शन करतात. स्वस्त आहे, पण त्यातलं क्रोमियम कातडीला वाईट आणि कॅन्सरला कारण ठरणारं. मी डायझोचं, म्हणजे क्रोमियम नसलेलं, इमल्शन मुंबईहून मागवलं, आणि भाऊंच्या हाताखालच्या मुलासाठी हातमोज्यांचा खोका नेला. मोजे तो घालतो, मी असले की.

मेमधली खरी अडचण रेषेची नव्हती, हवेची होती. मला पाण्यावरची शाई वापरायची होती. सॉल्व्हंटवाली शाई बंद खोलीत पाच दिवस हुंगायची माझी तयारी नव्हती. नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे. सकाळी साडेसातनंतर शाई जाळीच्या भोकातच वाळायला लागली. चार कागद नीट निघायचे, पाचव्यावर कोपरा नाही, सहाव्यावर अर्धं वर्तुळ गायब. शाई उशिरा वाळावी म्हणून रिटार्डर घातलं, फवारणीची बाटली घेतली, फरक पडला पण पुरेसा नाही. मग कूलर लावला. शाई सुधारली आणि कागद बिघडला. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. ती ओली हवा थेट कागदाच्या थप्पीवर. ‘कूलर बंद करा लागते ताई, कागद फुगून राहिला,’ असं भाऊ म्हणाले तेव्हा मला ते डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांनी थप्पीतला वरचा कागद काढून तळातल्या कागदावर ठेवला आणि दोन्हीच्या कडा एका बाजूने जुळवून दाखवल्या. दुसऱ्या बाजूला वरचा कागद बाहेर डोकावत होता.

त्यांनी आषाढाचा वायदा केला. त्या वर्षी आषाढी एकादशी १७ जुलैला होती. त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही पुन्हा बसलो, यावेळी दोन रंग. पहिला रंग एका कोरड्या दिवशी छापला. नंतर झड लागली. तीन दिवसांनी दुसरा रंग लावला तर एका कडेला बरोबर बसायचा आणि दुसऱ्या कडेला सरकलेला. जुळणी चुकली असती तर सगळीकडे सारखी चुकली असती. इथे कागदच मोठा झाला होता. कापसाचे तंतू ओल पितात आणि जाडीने फुगतात, लांबीने फारसे नाही. त्यामुळे तंतू ज्या दिशेने झोपलेले असतात त्याच्या आडव्या दिशेने कागद जास्त वाढतो. पत्रिकेचा कार्ड छोटा आणि एक-दोन रंगांचा, म्हणून भाऊंना पावसात हे कधी जाचलं नव्हतं.

हातकागदही करून पाहिला, दिसायला फार देखणा. पण पृष्ठभाग खडबडीत, रेषेची कड तुटते. शेवटी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) गुळगुळीत सुती कागद ठरवला, बावीस बाय तीस इंचांचा ताव, दोनशे साठ रुपयांना एक. एका तावाचे दोन तुकडे. चाळीसची आवृत्ती मनात होती. वाया जाणारे धरून साठ तुकडे हवेत म्हणून तीस ताव घेतले. जितक्या प्रिंट्स हव्यात त्याच्या दीडपट कागद, याच्या खाली उतरू नका.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्या दिवसांत दीक्षाभूमीवर येणाऱ्या गर्दीमुळे शहरात पाय ठेवायला जागा नसते, भाऊंकडेही बॅजेस आणि स्टिकरचं काम असतं. ते उरकल्यावर, पुढच्या आठवड्यात आम्ही सुरू केलं. विधानसभेची निवडणूक जाहीर झालेली, त्यामुळे दर तासाला कुणी ना कुणी दारात येऊन ‘भाऊ, अर्जंट आहे’ म्हणायचं. भाऊंनी सगळ्यांना पुढची तारीख दिली. हे मी विसरणार नाही.

कागद दोन दिवस आधीच त्याच खोलीत दोरीवर टांगून ठेवला होता, खोलीच्या हवेची सवय व्हावी म्हणून. रंगांच्या मधल्या काळात थप्पी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची. टेबलावर कागद टेकवायला फिल्मच्याच पट्टीचे तीन गेज चिकटवले, दोन लांब बाजूला, एक आडव्या बाजूला. फ्रेम बिजागरीवर, आणि खाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून कागदापासून दोनेक मिलिमीटर वर. शाई ओढायचं रबर पुढे गेलं की मागची जाळी आपोआप सुटून वर यायला हवी. चिकटून राहिली तर कड फाटते.

पहिल्या दिवशी पिवळा, दुसऱ्या दिवशी राखाडी. दोन्ही सुरळीत. माझं काम कागद ठेवायचं आणि उचलायचं. रबर मारायचं काम भाऊंचंच. मी मारलं की मधे दाट आणि कडेला फिकं येतं. त्यांचा कोन पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत हलत नाही. तिसऱ्या दिवशी विटकरीला पिनहोल निघाले, म्हणजे इमल्शनमध्ये बारीक भोक. वर्तुळाच्या बाहेर कोऱ्या जागेत सुईच्या टोकाएवढा एक ठिपका, आणि तो दिसेपर्यंत सहा-सात कागद झालेले. टचिंग करून (भोक भरून) बंद केला, ते कागद बाजूला. चौथ्या दिवशी पारदर्शक निळा. ज्याची सगळ्यात धास्ती होती तो चढला आणि खालून हिरवा उगवला, तेव्हा हाताखालचा मुलगा पहिल्यांदाच काही बोलला: ‘हे तर सहावं कलर झालं.’ पाचवा काळा, सगळ्या कडा बांधणारा. तिथे सगळ्यात जास्त गेले, कारण आधीच्या चार रंगांची जी काय थोडी थोडी इकडेतिकडे झालेली असते, ती काळ्याला एकत्र भोवते.

दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसून निवड केली. निवड एकट्याने करू नका. मला प्रत्येक प्रिंट ठेवावीशी वाटत होती, भाऊंना नाही. चाळीस मनात होत्या, सव्वीस निघाल्या. त्याशिवाय तीन आर्टिस्ट्स प्रूफ (कलाकाराने स्वतःकडे ठेवायच्या प्रती), म्हणजे आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आणि एक प्रिंटरची प्रत भाऊंना. साठातून निम्मीही आवृत्ती निघाली नाही म्हणून एक संध्याकाळ वाईट वाटलं, पण सव्वीस हा आकडा कागद, शाई आणि हवेकडून मंजूर होऊन आलेला आहे. ‘मर्यादित’ म्हणताना मला त्यात काही लपवावं लागत नाही.

सही पेन्सिलने, चित्राच्या खाली कागदाच्या कोऱ्या पट्टीत: डावीकडे नंबर, मधे शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. शाईचं पेन नको. शाई फिकी पडते आणि सुती कागदात पसरते. पेन्सिल टिकते, आणि छापून नक्कल करायला अवघड. ७/२६ म्हणजे सातवी छापलेली असं नसतं, सव्वीसपैकी एक एवढाच अर्थ. कुठला नंबर कुणाकडे गेला याची एक वही ठेवा.

मग स्क्रीन रद्द करायच्या. भाऊ स्क्रीन रोजच डीकोट करतात, म्हणजे जाळीवरचं इमल्शन धुऊन काढतात, त्यामुळे जाळी धुताना ते शिट्टी वाजवत होते. मी फिल्मांवर कात्री चालवायला लागले तेव्हा मात्र थांबले. ‘फिल्म काऊन कापून राहिल्या? उद्या ऑर्डर आली तर?’ ऑर्डर आली तरी छापायचं नाही, हाच करार आहे असं सांगितलं. पन्नास वर्षांच्या धंद्यात रिपीट ऑर्डर नको म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. एक फिल्म त्यांनी आठवण म्हणून मागितली; ती मधून आडवी कापून दिली.

खर्चाचा ढोबळ हिशेब: कागद ७,८००, फ्रेम ४,५००, फिल्म १,०००, शाई आणि इमल्शन साडेतीन हजार, छपाई १२,५००. म्हणजे तीस हजारांच्या आत, मे-जुलैच्या चाचण्या वेगळ्या. एका प्रिंटची किंमत साडेतीन हजार ठेवली.

विक्रीला काढण्याआधी, नोव्हेंबरात, कॉपीराइटचा अर्ज ऑनलाइन केला. तो सक्तीचा नाही. चित्र निर्माण झालं की हक्क आपोआप असतो आणि कलाकाराच्या हयातीनंतर साठ वर्षं चालतो. नोंदणी ही पुरावा म्हणून. फॉर्म चौदा, कलाकृतीची फी पाचशे रुपये. चित्र वस्तूंवर वापरणार असाल तर फी दोन हजार आणि ट्रेडमार्क कार्यालयाचं शोध प्रमाणपत्रही जोडावं लागतं. प्रती विकायला सुरुवात झाली की काम ‘प्रकाशित’ धरतात आणि प्रथम प्रकाशनाची तारीख, देश वगैरे रकाने भरावे लागतात; आधीच अर्ज केला की ती कटकट नाही. डायरी नंबर लगेच मिळाला. त्यानंतर तीस दिवस हरकतींसाठी थांबतात, हे ठरलेलं. त्यापुढचं थांबणं ठरलेलं नाही. मी आठवड्यातून एकदा स्टेटस बघायचे, मग महिन्यातून एकदा, मग सोडून दिलं. मे २०२५ मध्ये प्रमाणपत्र आलं.

ओळखीच्या वकिलांनी एक सांगून ठेवलं. हेच डिझाइन उद्या साडीवर किंवा कपावर घेतलं, डिझाइन कायद्याखाली नोंदवलं नाही, आणि यंत्रावर पन्नासहून जास्त नग काढले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. भिंतीवर लावायच्या सव्वीस प्रिंट्सना त्याचा धक्का नाही, पण ‘टी-शर्टवर छान दिसेल’ म्हणणारे भेटतातच.

जीएसटीचं सीएला विचारून घ्या. माझी विक्री चाळीस लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आणि राज्यातल्या राज्यात, म्हणून नोंदणी केली नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा तर नियम वेगळा लागतो. मूळ प्रिंट्सवरचा कर तेव्हा १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ आहे. पण ‘मूळ प्रिंट’ची व्याख्या कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटची (छपाईच्या साच्याची) आहे, त्यातून फोटोची प्रक्रिया वगळलेली आहे. फिल्मने स्क्रीन उघडणाऱ्यांनी बिलावर काय लिहायचं ते यासाठी आधीच ठरवावं.

निम्म्याहून जास्त प्रिंट्स ओळखीतच गेल्या. प्रत्येकीबरोबर मी फ्रेम कशी करायची याची चिठ्ठी देते: काच प्रिंटला टेकू द्यायची नाही, मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच, प्रिंट पाठीला डकवायची नाही, वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी टेपची बिजागरी पुरे, म्हणजे पावसाळ्यात कागदाला फुगायला जागा राहते. ही चिठ्ठी फ्रेमवाल्याच्या हातात द्या, आणि तो कापत असताना दुकानातच उभे राहा. एका मैत्रिणीची प्रिंट त्याने हार्डबोर्डला पूर्ण चिकटवून दिली, वर ‘आता हलणार नाही’ म्हणून वीस रुपये जास्त घेतले.